बाटलीतलं लाल सोनं

माझी नोकरी वाचवली ती एका मॅडमनी. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही. ठाण्यात ज्या कॉलेजच्या गेटवर मी वॉचमन आहे, तिथे त्या संशोधन करतात. डोंबिवलीहून येतात. ओढणीचं टोक कायम बॅगेच्या चेनमध्ये अडकलेलं. कधी हातात बाटली असली, तर आत शिरण्याआधी ती उन्हात धरून, एक डोळा मिटून बघणार.

एकदा मी विचारलं, "मॅडम, काय आहे?"

"सोनं आहे, दादा."

पाणी तर लालभडक! तरी बाटलीत काय आहे असं सुपरवायझरनी विचारलं, तेव्हा मी इमानदारीत तेच सांगितलं.

"कोकम सरबत आहे ते! आठवी नापास ना तू, कोणीपण येडा बनवतं. उद्यापासून येऊ नको."

अकोल्याला घरच्यांना काय तोंड दाखवू?

मॅडमनी ऐकलं, त्या मागे फिरल्या. पेरूसाठी आणलेलं माझं मीठ मागितलं आणि सरळ बाटलीत टाकलं. लाल पाणी बघता बघता निळं झालं.

"कोकम मिठाने निळं होतं का हो, साहेब? सोन्याचे बारीक कण सुटे असले की प्रकाश असा शोषतात की पाणी लाल दिसतं. एकमेकांना चिकटले की निळं. सोनं पिवळंच, हा सराफांचा हट्ट."

सुपरवायझर म्हणाले, "म्हणजे... प्यायचं नाही?"

मी पुटपुटलो, "मॅडम, तुमचं सोनं वाया गेलं."

"सोनं पाण्यात गेलं तर पुन्हा बनवीन. तुमची नोकरी नको जायला."

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं की अकोल्याच्या मांडवात मानाचं पहिलं ताट मॅडमचं. साडीही देणार. नको म्हणाल्या तरी ऐकणार नाही.