मध्यंतरानंतर काय झालं

तो सिनेमा मी थिएटरमध्ये अर्धाच पाहिला. शनिवारी ऑफिस लवकर सुटलं आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण म्हणाली, "चल, मारामारीचं पिक्चर लागलंय. हिंदीत डब केलेलं आहे, कळेल सगळं." मला अशा सिनेमांची आवड बाबांमुळे लागली. ते मालवाहू जहाजांवर होते. परदेशच्या बंदरात जहाज थांबलं की तिथल्या थिएटरात जाऊन कराटेचे, कुंग फूचे सिनेमे बघायचे आणि सुट्टीवर आले की आम्हा भावंडांना घरापुढच्या खळ्यात उभं करून त्यांतल्या लाथा शिकवायचे. आई ओरडायची, "पोरीचे पाय मोडाल!" पण माझे पाय कधी मोडले नाहीत.

पहिला भाग झकास होता. डोंगरातल्या एका गावात एक माणूस येतो आणि नायकाच्या गुरूला आणि दोन गुरुबंधूंना मारून निघून जातो. नायक तेव्हा पोरगेला असतो. तो शपथ घेतो, वर्षानुवर्षं अंग कमावतो, वाटेत भेटेल त्याला लोळवतो आणि शेवटी शत्रूचा ठावठिकाणा शोधत एका घराच्या दाराशी येऊन उभा राहतो. दार उघडायला लागतं आणि मध्यंतर.

आम्ही वडे घेऊन उभ्या होतो, तेवढ्यात आईचा फोन आला. "बाबा पाखाडीवरून घसरले. उठता येत नाही म्हणतायत. तू ये गो."

आमच्या घराकडे रस्त्यावरून चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरते. पावसाळा संपला तरी तिच्यावरचं शेवाळ काही जात नाही. मी मैत्रिणीला म्हटलं, "तू बघ पूर्ण, मला उद्या सांग," आणि रिक्षा पकडली. घरी पोचले तर बाबा तिसऱ्या पायरीवर पाय लांब करून बसले होते, भोवती चार शेजारी, आणि ते त्यांना आपण नक्की कुठे पाय ठेवला ते समजावत होते. मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय, तर "पिक्चर सोडून आलीस?"

गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन लागलं नाही, पण प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी दीड महिना पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. बाबांसारख्या माणसाला ही शिक्षाच होती. रोज सकाळी मिरकरवाड्याच्या जेटीवर फेरी मारून बोटी बघून यायचं, हा त्यांचा नेम. आता पडवीत खाट टाकली आणि त्यांना तिथे ठेवलं. भेटायला येणारी माणसं खुर्चीत बसायची आणि आपापल्या नात्यातली हाडं सांगायची. कुणाच्या मामाचं जुळलंच नाही, कुणाच्या काकूचा पाय आखूड राहिला. बाबांचा चेहरा दिवसेंदिवस पडायला लागला. जेवताना बोलेनासे झाले.

मग मैत्रीण आली. तिने मोसंबी ठेवली आणि तीही कुणाच्या तरी हाडाकडे वळायच्या आत बाबा म्हणाले, "ते राहू दे. हिने मला पहिला भाग सांगितला. दार उघडल्यावर काय होतं?"

"काका, काही अर्थ नाही," ती म्हणाली. "दार उघडतो तो म्हातारा. तोच तो मारेकरी. पण आता पार थकलेला, मुलीबरोबर शेती करतो. नायकाला ओळखत नाही. त्याला वाटतं कापणीला मजूर आलाय. आणि हा येडा राहतो की तिथे! दुसरा भागभर नुसती भातकापणी. मी तिकीट काढून भातकापणी बघायला गेले होते का?"

"मग बदला?"

"नाहीच घेत. सोडून देतो आणि जातो निघून. लोक शिट्ट्या मारत होते, राग आला म्हणून."

बाबा उठून बसले. म्हणजे बसलेलेच होते, पण ताठ झाले. त्या रात्री त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

दुसरं मत आमच्या शेजारच्या सरांचं. हे शाळेत पीटी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांनी तोच सिनेमा नातवाला घेऊन पाहिला होता. बाबांनी विचारल्याबरोबर ते खुर्चीतून उठलेच. "दुसरा भागच खरा आहे!" ते म्हणाले. "पहिल्यात काय, दोऱ्या बांधून उड्या. दुसऱ्यात एकच मारामारी आहे, खळ्यात, झोडपणी चालू असते तिथे. म्हातारा उभा कसा राहतो बघा. असा." आणि त्यांनी गुडघे वाकवून, कंबर खाली घेऊन दाखवलं, ते तसेच राहिले, कारण त्यांना सरळ होता येईना. मी हात दिला.

"पण सोडून देतो ना त्याला?" बाबांनी विचारलं.

"छे! उजवा हात मोडतो त्याचा. परत शस्त्र धरता येऊ नये म्हणून. आवाज येतो स्पष्ट. कडकन."

सर गेल्यावर बाबांनी मला खाटेजवळ बोलावलं. मग मला म्हणाले, "दोघांनी एकच पिक्चर बघितला ना?"

तिसरं मत मासेवाल्या मावशींचं. त्या मिरकरवाड्याहून टोपली घेऊन आमच्या दारी येतात, निदान माझ्या शाळेच्या दिवसांपासून तरी येतायत, आणि त्यांनी लेकासुनेबरोबर हा सिनेमा बघितला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. आई बांगडे निवडत होती. बाबांनी पडवीतून हाक मारली, "मावशी, मारामारीचा पिक्चर बघितलास काय?"

"बघितला की! रडलेव मी."

"रडलीस? कशाला?"

"अवो दादा, त्या पोरीनं त्याला वाढलंन. आधी त्याच्या ताटात, मग बापाच्या. आता ज्याच्या घरचा भात खाल्ला त्याला मारायचा कसा? हात उठेल काय? आणि तो म्हातारा आपसूकच गेला रात्रीचा. देवानं नेला. सुटले दोघंव."

"मेला?" बाबा ओरडले. "मेला तो?"

"मेला तर! सकाळी अंथरूण रिकामं."

आई हातातला बांगडा तसाच धरून म्हणाली, "अहो, पायाला धक्का लागेल. मरू दे त्याला."

माझा भाऊ मुंबईला असतो. त्याने सिनेमा बघितला नव्हता, पण मोबाइलवर लोकांची मतं वाचून बाबांना फोनवरून सांगायचा. लोकांनी तारे दिले होते. कुणी लिहिलं होतं, दुसरा भाग ढिला. कुणी लिहिलं होतं, दुसऱ्या भागासाठी शंभर वेळा बघेन. एकाने लिहिलं होतं, सेकंड हाफमध्ये झोप चांगली लागली, एसी छान होता. बाबा फोन स्पीकरवर टाकून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "हा शहाणा आहे," किंवा "याला कळलेलं नाही," जणू स्वतः पाहिला होता!

यातून एक झालं. पडवी भरायला लागली. संध्याकाळी सर यायचेच. मैत्रीण ऑफिसातून माझ्याबरोबर यायची. मावशी सकाळच्या, पण त्याही टोपली रिकामी झाली की परतताना टेकायच्या आणि सरांचं मत काल काय होतं ते विचारून त्याला उत्तर ठेवून जायच्या. मोडलेल्या हाडांविषयी कुणी बोलेनासं झालं. मी एकदा म्हटलं, "मी फोनवर कुठे मिळतो का बघते," तर बाबांनी हात वर केला. "इतक्यात नको. चाललंय ते चालू दे."

एका संध्याकाळी सर आणि मैत्रीण यांची जुंपली. ती म्हणाली, एवढी वर्षं अंग कमावायचं आणि शेवटी सोडून द्यायचं, ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. सर म्हणाले, सोडलं नाही, हात मोडला. बाबा ऐकत होते. मग अगदी सहज, चहा मागावा तसं म्हणाले, "मला भेटला होता माझा माणूस."

कुणाला कळेना. मलाही.

"जहाजावर एक बोसन होता," ते म्हणाले. "अंजनवेलच्या बाजूचा. बोसन म्हणजे आम्हा खलाशांचा मुकादम. एकदा माल उतरवताना दोर तुटला. जुना दोर होता, बदलायचं काम त्याचं होतं. त्याने कप्तानाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, याने गाठ चुकीची मारली. मला त्या बंदरातूनच घरी पाठवलं. पुढची दोन वर्षं मला कुठलं जहाज घेईना. तेव्हा मी घरी तांदळाच्या पोत्याला ठोसे मारायचो. हिला वाटायचं, व्यायाम करतोय."

आई दारात येऊन उभी राहिली होती.

"त्याला भेटलो की काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलेलं. आणि किती वर्षांनी, माझी नोकरी संपल्यावर, अंजनवेलला लग्नाला गेलो, तर पंगतीत शेजारी तोच. हात असे थरथरत होते. पेला उचलता येईना. मला म्हणतो, जरा पाणी पाजता काय?"

"पाजलंत?" मैत्रिणीने विचारलं.

"मग काय करणार! पंगतीत माणूस पाणी मागतोय. पेला धरला त्याच्या तोंडाला. मग मी जहाजाचं नाव सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, काय दिवस होते! मी म्हटलं, दोर तुटला तो दिवस आठवतो? तर म्हणाला, दोर काय, कितीदा तुटले." बाबा थांबले. "त्याच्या लेखी ते झालंच नव्हतं. मी मनात ठरवलेलं सगळं बोलणार कुणाला? बदला घ्यायला समोरच्याला आठवण तरी हवी ना."

"राग नाही आला?" सरांनी विचारलं.

"आला तर! आधीपेक्षा जास्त आला. तवसाळला फेरीबोटीत बसेपर्यंत नुसता जळत होतो. खाडी ओलांडून जयगडला उतरलो तेव्हा अर्धा राहिला. मग घरी येईस्तोवर काय झालं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी शोधला तर सापडेना."

मी बाबांकडे बघत होते. माझ्या लहानपणी ते दोन वर्षं घरी होते, ते मला आठवतं. मला तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मजेचा काळ वाटायचा. बाबा रोज घरी, रोज शाळेत सोडायला. ते घरी का होते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आई म्हणाली, "म्हणजे त्या लग्नाहून येताना तुम्ही गप्प होतात ते यासाठी? मला वाटलं, जेवण आवडलं नाही."

"जेवण चांगलं होतं," बाबा म्हणाले.

आई आत गेली. थोड्या वेळाने सगळ्यांसाठी खोबरं घातलेले कांदेपोहे घेऊन आली. बाबांची बशी त्यांच्या हातात देताना तिने क्षणभर हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. आमच्या घरात चारचौघांत असं कधी होत नाही. मी पोह्यांकडे बघत राहिले.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात सिनेमा मोबाइलवर आला. भावाने टीव्हीला जोडायची वायर पाठवली होती. रविवारी दुपारी सगळे जमले. मावशी त्या दिवशी टोपलीशिवाय, नवं लुगडं नेसून आल्या. बाबांनी मला सुरुवात मध्यंतरापासूनच करायला लावली.

दार उघडलं. म्हातारा, मुलगी, कापणी, ताटं वाढणं, खळ्यातली मारामारी, सगळं तसंच होतं, जसं तिघांनी सांगितलं होतं. शेवटी नायक म्हाताऱ्याच्या उशाशी काठी उगारून उभा राहतो. कडकन आवाज येतो. पडदा काळा. मग सकाळ. अंथरूण रिकामं, दोन तुकडे झालेली काठी अंगणात, मुलगी केर काढतेय आणि नायक दूर वाटेवर चाललाय. म्हाताऱ्याचं काय झालं, ते दाखवलेलंच नाही.

एकच गलका झाला. "मी म्हटलं नव्हतं, काठी मोडली, सोडून दिलं!" "अहो, हात मोडताना काठी मोडली!" "अंथरूण रिकामं हाय, दिसत नाय काय सर तुम्हाला? गेला म्हातारा!" प्रत्येकाला आपलंच खरं ठरलेलं दिसत होतं.

"काका, तुम्ही सांगा," मैत्रीण म्हणाली.

बाबांनी चालायला आणलेली नवीन काठी गुडघ्यांवर आडवी धरली होती. त्यांनी बराच विचार केला. "पिक्चर चांगला आहे," ते म्हणाले. "पण लांबवलाय. आणि त्यांना कापणी येत नाही. विळा कसा धरला होता बघितलंत?"

"तेवढंच?" सर चिडले.

"तेवढंच."

मावशी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला उठले. बाहेर उन्हं उतरली होती, आणि मागे सर पुन्हा ती उभं राहायची पद्धत दाखवायला निघाले होते. आई त्यांना म्हणत होती, "सर, बसा हो, आता तुमचा पाय मोडला तर तुमच्या घरी एवढी माणसं मावायची नाहीत."