दादाचं चर्च

दादा गेल्यापासून त्याच्या पलटणीतले लोक सुटीत आमच्या तांड्यावर येतात. प्रत्येक जण एखादा किस्सा ठेवून जातो. घर लहान आहे, पण किस्से मावतात. त्या सगळ्यांचे उपकार आहेत.

दादा शांतिसेनेत परदेशी गेला होता. तिथं एका जुन्या चर्चची राखण त्याच्या पलटणीकडं होती. वारंगा फाट्यावर एक जण बोलला, "परक्याच्या देवळापायी मेला काहून?" मी त्याच्या अंगावर चहा फेकला. पण याडीला, म्हणजे आमच्या आईला, तेच विचारायचं होतं.

*

चर्चच्या भिंतीवर निळी-पांढरी ढाल रंगवलेली. ही खूण असली की लढाईत त्या इमारतीला हात लावायचा नाही, असा जगाचा कायदा. दादाला वाटलं, एवढी ताकद म्हणजे देवच. त्यानं याडीनं दिलेली कुरुंद्याची हळद ढालीला फासली. पिवळी ढाल बघून परदेशी साहेब गडबडला. हवालदार शिंदे म्हणाले, "राठोड, देवाला आंघोळ घाल."

*

सैनिकांनीही आत बंदूक न्यायची नाही. नेली की समोरच्याला गोळा टाकायला कारण मिळतं. थंडीच्या पावसात तंबू गळायला लागला, तरी दादा चर्चच्या दारातून हलेना, कुणाला आत जाऊ देईना.

नांदेडचा सलीम म्हणाला, "यार, थोडा वेळ बसू दे. देव काय हाकलून देईल?"

"देव न्हाई, मी हाकलीन."

सलीम अजून त्याला शिव्या देतो. मला त्या ऐकायला आवडतात.

*

चर्चचा म्हातारा राखणदार दादाकडं बघायचाही नाही. एकदा दादानं बंदूक सलीमकडं दिली, बूट दाराबाहेर काढले अन् हात जोडून आत गेला. तिथं बूट घालूनच जातात, हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर दोन जोड होते. एक म्हाताऱ्याचा.

*

हवालदार शिंदे आमच्याकडं सगळ्यात उशिरा आले. शेवटचा दिवस त्यांनीच सांगितला. गोळे पडायला लागले तेव्हा चर्चच्या जाड भिंती शेजारीच होत्या. दादानं सगळ्यांना लांबच्या खंदकात पिटाळलं. स्वतः शेवटी निघाला, पोचला नाही. चर्चवर एकही गोळा पडला नाही.

याडीनं विचारलं, "दगडासाठी काहून, हवालदार?"

"आत लेकरं होती, याडी. गावानं आपली पोरं तिथं लपवली होती. राठोडला ठाऊक होतं."

याडीनं चुलीवर चहा ठेवला. मग म्हणाली, "नावं सांग त्यांची."

शिंदेंना थोडीच आठवली. ती परकी नावं याडीच्या जिभेवर बसेनात. तिनं शिंदेंना ती परत परत म्हणायला लावली. चुलीवरचा चहा आटून गेला, तरी त्यांना उठू दिलं नाही.