एकट्याची गाडी

माझी बायको एके दिवशी सकाळी वारली. त्या दिवसापर्यंत मी तिच्या स्कूटरवर मागे बसायचो.

आमच्या मोताळ्यात याची चेष्टा व्हायची. मी सायकलवाला माणूस, इंजिनाला भिणारा. ती पुढे, मी मागे, मांडीवर भाजीची पिशवी आणि पिशवीवर उघडलेलं पुस्तक.

सासूबाई मातीला येऊ शकल्या नाहीत. त्या आधीच घसरून पडल्या होत्या, कंबरेला पट्टा होता. त्यांचा निरोप मेहुण्याने आणला. "आई म्हणते, उठता आलं का मले लेकीचं घर एकदा पाहू द्या. अन् न्यायले जवाईबापूनंच यावं."

त्यांचं गाव जवळ आहे, पण रस्ता खड्ड्यांचा. बंद गाडीत त्यांना मळमळतं. जीपमध्ये बसल्या की उलट्या, आणि उलटीने कंबर पुन्हा जायची. मोटरसायकल उंच, पाय वर जात नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की धक्का बसू देऊ नका.

हा निरोप आला आणि दुखवट्याच्या चटईला काम मिळालं. तोवर माणसं येत, जमिनीकडे पाहत, "चांगली होती" म्हणत आणि हळूच घड्याळ बघत. आता ती सकाळीच येऊ लागली. स्कूटरचे शॉकप, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारे दांडे, पार बसलेले, तिच्यात आता जीव नाही, असा निकाल पहिल्याच दिवशी लागला. बुटक्या माणसाचे पाय टेकतील आणि म्हातारीला चढता येईल अशी, हल्ली निघाली आहे तशी छोटी, स्वस्त मोटरसायकल घ्यायची, हेही ठरलं. वाद उरला तो शॉकपचा.

"मोनो पाह्यजे," माझा चुलतभाऊ म्हणाला. "एकच राह्यते, पण मधात राह्यते. सारा भार बरोबर घेते."

"अन् तो एक गेला तं?" मेहुणा उसळला. "दोन असले तं एक गेला तरी एक राह्यते ना भाऊ!"

मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चटईची सुटलेली काडी आत खोचू लागला. शेजारच्या काकांनी विषय पुढच्या चाकावर नेला.

"आता पुढचे शॉकप उलटे येऊन राह्यले."

"उलटे काऊन?" मेहुण्याने विचारलं.

"महाग दिसाले."

दुखवट्याच्या घरून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. त्यामुळे चुलतभाऊ स्प्रिंग आणि गॅस यांच्या तुलनेच्या मध्येच उठून चालायला लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी चटईवर टेकताटेकता उरलेलं वाक्य पूर्ण करायचा. मोबाइलवरचे व्हिडिओ हातोहात फिरायचे. त्यांत कुठल्यातरी परदेशी डोंगरात एक तरुण छोट्या गाडीवरून उड्या मारत असायचा. "पाहा, कंबर हालते काय त्याची?" काका विचारायचे. मी नाही म्हणायचो. मला कुणाशी तरी बोलायला हवंच होतं.

तेरावं झाल्यावर आम्ही चौघे राजूर घाट चढून बुलढाण्याला गेलो. दुकानात एकेका गाडीची सीट दोन्ही पंजांनी खाली रेटून सोडायची, ही आमची परीक्षा. बाजारात बैलाची पाठ दाबून बघावी तसे तिघे गाड्यांभोवती फिरले. मोनो जिंकला. शॉकप उलटे होते. मेहुण्याने हार मानून पेढे घेतले.

पट्टा निघाल्यावर, सासूबाईंना आणायला, मी गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. तोवर एवढं चालवायला शिकलो होतो. त्या काठी टेकत बाहेर आल्या. गाडीला एक फेरी मारली.

"जवाईबापू, एकट्याचीच गाडी घेतली काय? मी कुठी बसू?"

मी पाहिलं. सीट एकाची होती. तिच्यामागे नुसता नंबरप्लेटचा पत्रा. आम्ही सगळ्यांनी ती दाबली होती, पाहिली कुणीच नव्हती.

सासूबाई हसल्या नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "अन् तिची गाडी कुठी हाय?"

ती घरामागे चादरीखाली उभी होती. चादर मीच टाकली होती.

परत आल्यावर मी चादर काढली आणि स्कूटरला नवे शॉकप बसवून घेतले. मागचा एकच होता की दोन, हे मी विचारलं नाही. रोज पहाटे शाळेच्या मैदानावर गोल फिरत राहिलो. हँडलच्या रबराला तिच्या अंगठ्याने झिजलेली जागा होती. माझा अंगठा तिथेच बसायचा.

मग सासूबाईंना स्कूटरवरूनच आणलं. त्या मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि वाटभर माझा खांदा धरून होत्या. खड्डा आला की, "सावकाश बापू, सावकाश." घरात त्यांनी स्वयंपाकाचा ओटा पाहिला, गाळणी हातात घेतली, लेकीची साडी हुंगून घडी करून ठेवली. निघताना उंबऱ्यात थांबल्या. 'येते' म्हणाल्या नाहीत.

छोटी गाडी आता घरामागे त्या चादरीखाली आहे. स्कूटर मी चालवतो.