तुला नाही, हिला

शिवणकाम करणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, मग बाईला काय म्हणायचं, हा प्रश्न एके काळी गल्लीला पडला आणि गल्लीनेच तो सोडवला. तेव्हापासून ती मास्तरीणबाई. दुकानाला पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे.

"मास्तरीणबाई, मागच्या वेळी कंबर कमी धरलीत तुम्ही."

"कंबर बरोबर धरली होती. ती नंतर वाढली," ती टेप गळ्यात टाकत म्हणायची आणि गिऱ्हाईक हसत कापड ठेवून जायचं.

मशीन अगदी दाराशी, तोंड रस्त्याकडे. जाणारायेणारा दोन शब्द टाकून जायचा. त्या दोन-दोन शब्दांवर तिचा दिवस निघायचा. घरात बोलण्याची जी तूट पडे, ती इथे भरून निघायची.

तूट नवऱ्याची होती. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण शब्द खर्च करायचा म्हणजे जिवावर यायचं. नोकरी फेरीबोट चालवण्याची. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर, अशी उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी बोट घेतली आणि तो घरामागे उलटी पाडून तिला घासत बसला. तिने विचारलं, हे कशाला?

"एकदा उभी बघायचीय."

"काय?"

"नदी. सगळा जन्म आडवीच बघितली."

हे मास्तरीणबाईंना पटलं. कापड उभ्या धाग्याने बेतावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मूलबाळ नव्हतं, मागे ओढणारं असं एक दुकान. नणंदेची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, तिच्याकडे किल्ली दिली. "समुद्रापर्यंत जाऊ आणि परत येऊ," तो म्हणाला होता. त्यातले 'परत येऊ' तिने गाठीला बांधले आणि ती बोटीत बसली.

सुरुवातीचे दिवस गोड गेले. इंजिन तो मुद्दाम मंद ठेवायचा. घाई कुणाला होती? वाटेल तिथे थांबायचं, दोराने बोट झाडाला बांधायची, चहा करायचा. नदीवरून गावाची पाठच दिसते, हे तिला नवीन होतं. वाळत घातलेले कपडे, मोऱ्यांचे पाइप, कारखान्यांची मागची दारं, पायरीवर बसून डोकं पुसणाऱ्या बायका. कापड उलटं करून शिवण बघावी तसं ती एकेक गाव बघायची. एकदा चादर झटकणाऱ्या बाईने हात हलवला. हिने हातातली कात्री खाली ठेवून हात वर करेपर्यंत बोट वळणाआड गेली होती. माणसं दिसत होती, पण दोन शब्द टाकायला कुणी जवळ येत नव्हतं.

पाय-मशीन बोटीत येणं शक्यच नव्हतं. तिने सुईदोरा आणला होता. छोट्या खिडक्यांना पडदे शिवले. मग उशांचे अभ्रे, रेडिओला खोळ, स्टोव्हला खोळ, दोराच्या वेटोळ्याला पिशवी. अखेर आजूबाजूला उघडं असं फक्त पाणी राहिलं.

आणि मग ते 'अगं' सुरू झालं.

"अगं, जरा दमानं," सुकाणूवरून आवाज आला. ती आत कांदा चिरत होती.

"दमानंच चिरतेय."

"तुला नाही, हिला."

म्हणजे बोटीला. फेरीबोट सरकारी होती, तिच्याशी तो असं कधी बोलला नसेल. ही त्याची स्वतःची होती. "अगं, वळ की आता." "अगं, किती नखरे करशील." तिच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत मिळून वाट्याला आले नसतील एवढे शब्द त्या लाकडाला मिळत होते. आणि दर वेळी मास्तरीणबाई "काय हो?" म्हणत डोकं बाहेर काढत, आणि दर वेळी तेच उत्तर.

एका दुपारी मात्र कमाल झाली. ती भांडी विसळत होती. बाहेरून हळू, काळजीचा आवाज आला : "अगं, काय होतंय तुला? बरं नाही वाटत?"

असं तिला कुणी कितीतरी वर्षांत विचारलं नव्हतं. ओले हात तसेच घेऊन ती बाहेर आली. कुठून सुरुवात करावी, याचाच विचार तिच्या मनात होता. तो इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घालून बसला होता. सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं.

"तुला नाही, हिला. धूर काळा येतोय."

"सवत परवडली," ती म्हणाली. "तिच्याशी भांडता तरी येतं."

तो हसला. "तूपण ना." आणि परत डोकं आत.

त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. 'अगं' ऐकू आलं तरी मान वर करायची नाही. अडत काहीच नव्हतं. चहा हवा असला की तो कप वाजवायचा. तिने मात्र त्या बोटीला अक्षरशः पाण्यात पाहायला सुरुवात केली होती.

नदी रुंद होत गेली. काठ लांब गेले, पाणी खारट झालं, वाऱ्याला चिखलाचा वास येऊ लागला. एका संध्याकाळी उजेड अजून चांगला होता, ती पुढच्या बाकावर गादीच्या कडेला टीप घालत होती. मागून तो म्हणाला :

"अगं, असंच पुढे पुढे जात राहू. परतायची काय घाई आहे? जमेल ना तुला?"

शब्द न् शब्द तिला ऐकू आला. घ्या, आता लाकडाची मनधरणी चाललीय, असं मनात येऊन ती हसली. तिने दोरा दाताने तोडला. मागे तो काही वेळ गप्प होता, पण तो गप्पच असायचा. त्या गप्प राहण्यात वाट पाहणं होतं, हे तिला फार उशिरा कळलं.

नदीच्या मुखाशी एक बंदराचं गाव होतं. धक्का, गोदामं, मागे बसस्टँड. तो डिझेल घेत होता. तिचा फोन वाजला, भाचीचा.

"मामी, बोट लागत नाही ना गं?"

"लागली. पण पोटाला नाही. दुकान काय म्हणतंय?"

"तेच विचारायचं होतं. परवा मामांचा फोन आला, म्हणाले, आता तूच बघ कायमचं, आम्ही काही परतत नाही. मी म्हटलं, मामीला विचारलंत? तर म्हणाले, विचारलं, ती हसली. मग मी तुझी मशीन आतल्या खोलीत टाकलीय. दाराशी काचेचं कपाट आणलं. चालेल ना?"

तिने फोन ठेवला. धक्क्यावर डिझेलवाला नळी धरून उभा होता. त्याच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण बोलली.

"मला कधी विचारलंत तुम्ही?"

"त्या संध्याकाळी. जमेल ना म्हटलं. तू हसलीस."

"मला वाटलं, हिला."

त्याने बोटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हिला कशाला विचारीन? हिचं कुठं दुकान आहे?"

"तुम्हीच सांगत होता ना, तुला नाही, हिला. मी तुमचं ऐकलं."

डिझेलवाल्याने पाठ फिरवली आणि तो नसलेली गळती तपासू लागला. नवऱ्याने हात फडक्याला पुसले. हाताचं एकेक बोट वेगळं पुसलं. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं सोबत काढल्यावर त्याची मान बघून तिला तेवढं कळत होतं.

"बरं, मग आता विचारतो," तो म्हणाला. "येशील पुढे?"

धक्क्याच्या पलीकडे समुद्र दिसत होता. नीट, तिच्याकडे बघून, नुसता तिलाच विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि त्यालाच नाही म्हणावं लागणार होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला कुणीतरी हाक मारायला लागतं हो."

त्याने फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "मी जरा किनारा बघून येतो. सावकाश. मग येतोच घरी."

"या."

"काकू, बसस्टँड त्या गोदामामागे," डिझेलवाला पाठमोराच म्हणाला.

पिशवी नवऱ्याने उचलली. बसमध्ये तिला खिडकी मिळाली. खाली उभं राहून तो काहीतरी सांगत होता, पण काच उघडेना आणि गाडी सुटली. वाटभर ती त्याच्या ओठांचा अर्थ लावत होती. 'अगं'ने सुरुवात झाली होती, एवढं नक्की.

भाची चांगली पोरगी. काही न बोलता तिने कपाट आत घेतलं आणि मशीन पुन्हा दाराशी आणली. पण मशीन थोडी तिरपी बसली. पूर्वीच्या जागी जमिनीवर मशीनच्या पायांच्या खुणा होत्या, त्यांत एक कपाट सरकवताना पुसली गेली होती. दुसऱ्या दिवसापासून शब्द येऊ लागले. "मास्तरीणबाई, काळवंडलात की." "मास्तरीणबाई, नवरा समुद्रात टाकून आलात?"

"तो तरंगतो," ती म्हणायची. लोक हसायचे. तीही हसायची. मग रस्ता रिकामा झाला की खाली बघून शिवत राहायची. दिवसभरात हवे तेवढे शब्द मिळत, तरी संध्याकाळी हिशेबाला काहीतरी कमी पडायचं.

तो रोज संध्याकाळी फोन करायचा. जेवलीस? जेवले. तुम्ही? हो. मग बोलणं संपायचं. फोन ठेवायचा मात्र दोघांनाही सुचायचं नाही.

त्या दिवशीही बोलणं संपलं. त्याने फोन बहुधा सुकाणूशेजारी ठेवून दिला असावा, कारण इंजिनाचा आवाज एकदम मोठा झाला. वारा होता. लाकूड कुरकुरत होतं. मग त्या सगळ्यातून तो म्हणाला :

"अगं, चल ना. थोडंच राहिलंय."

बाहीला टीप घालत असलेले तिचे पाय मशीनवर थांबले. 'काय हो?' ओठांवर आलं होतं. तिने ते तिथेच धरलं. कुणाला, हे विचारायचं नाही असं तिने ठरवलं. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबला, बाही सरळ केली आणि मशीनचा आवाज त्याला जाऊ नये म्हणून पुढची टीप हाताने घालायला घेतली.