गाळलेली पानं

माझ्या आयुष्यात वाचनाचं म्हणावं असं वर्ष एकच आलं, आणि ते सासऱ्यांच्या मोतीबिंदूमुळे आलं. पुढे मी खूप वाचलं. चष्म्याचे नंबर बदलले, घरात पुस्तकांचं कपाट आलं, चार जणी मला विचारून पुस्तकं नेऊ लागल्या. पण कुणी वाचनाचा विषय काढला की मला ते पनवेलचं वर्ष आठवतं आणि या वयातही कानाच्या पाळ्या गरम होतात.

साठ साल अजून यायचं होतं. माझं माहेर खाडीपलीकडे, मिठागरावर राबणाऱ्यांचं. आमच्या आगरी वस्तीत सातवी पास झालेली मुलगी म्हणजे नवल होतं. लग्नात माझ्या सातवीचं दोन्हीकडच्या मांडवांत कौतुक झालं आणि अंगाची हळद उतरल्यावर ती सातवी फळीवरच्या पितळी डब्यांमागे जाऊन पडली. सासर पनवेल गावात होतं. सासरे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, घरीदारी सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. नवरा मुंबईला गिरणीत होता. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकी सगळा आठवडा घरात सासू, सासरे आणि मी, आम्ही तिघंच, आणि तिघांत मी न बोलणारी.

सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, बोलायचं तर नाहीच. पाणी द्यायचं झालं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि बांगड्या वाजवायच्या. लग्नाला वर्ष उलटलं तरी गुरुजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. मला त्यांचा चेहरासुद्धा दाराच्या फटीतून जेवढा दिसे तेवढाच माहीत होता.

मग त्यांचे डोळे गेले. वर्तमानपत्र आधी नाकाजवळ आलं, मग हातभर लांब गेलं, मग घडी न मोडता तसंच पडून राहू लागलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकला की काढू, तोवर थांबा. गुरुजी गावातल्या वाचनालयाचे जुने सभासद. रविवारी नवरा जाऊन पुस्तक बदलून आणायचा आणि ते पुस्तक ओटीवरच्या कोनाड्यात आठवडाभर नुसतं बसून परत जायचं. एका रविवारी गुरुजी मुलाला म्हणाले, "सातवी पास सून केली ती काय भाकऱ्या मोजायला? वाचू दे तिला."

नवरा हो म्हणाला. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी उडी मारली असती.

व्यवस्था अशी ठरली. दुपारची जेवणं उरकली, भांडी झाली की गुरुजी ओटीवर बाकावर बसायचे. मी दाराच्या आत, चौकटीला पाठ लावून, पदर कपाळापर्यंत ओढून, मांडीवर पुस्तक घेऊन. आणि मधे उंबऱ्यापाशी सासूबाई सुपात तांदूळ घेऊन. पुस्तक उघडलं की त्यांचं निवडणं सुरू होई. सकाळी निवडलेले तांदूळ दुपारी पुन्हा कशाला निवडतात, आमच्याच तांदळात एवढे खडे येतात कुठून, असं मला वाटायचं. पण सासूला हे कोण विचारणार?

पहिले काही दिवस माझ्या घशातून आवाजच फुटेना. "मोठ्यानं वाच गो," सासूबाई म्हणायच्या, "आमाला आयकू येत नाय." मी समजले, गुरुजींना ऐकू जात नसेल, त्यांचा निरोप सांगताहेत.

हळूहळू घसा मोकळा झाला आणि मला वाचनाची चटक लागली. खरी पंचाईत तिथेच सुरू झाली. कादंबऱ्या होत्या त्या. त्यांतला नायक चांगल्या घरचा असे, नायिका देखणी असे, आणि चांगली चार प्रकरणं सरळ चालली की दोघं कुठेतरी तळ्याकाठी नाहीतर गच्चीवर भेटत. त्यानं तिचा हात हातात घेतला, एवढं वाचूनच माझ्या अंगाला घाम फुटायचा. दाराच्या पलीकडे सासरे बसलेले. ते वाक्य मी कोणत्या तोंडानं वाचणार? मी खोकायचे आणि पान उलटायचे.

यात मी चांगली तरबेज झाले. दोन ओळी पुढे नजर ठेवायची आणि धोका दिसला की सफाईनं पुढच्या परिच्छेदावर जायचं. सुनेनं सासऱ्याला उलटून उत्तर दिलं की तेही गाळायचं. गुरुजींनी त्या वर्षी ऐकलेल्या कादंबऱ्यांत माणसं एकमेकांना न भेटताच लग्नं करत होती आणि हात न लावताच त्यांना मुलं होत होती. गुरुजी काही बोलत नसत. मी मनात म्हणे, म्हाताऱ्याला कळत नाही. पान उलटलं की सुपातला सासूबाईंचा हात मात्र थांबायचा. मला वाटे, त्यांना माझं हे वाचत बसणं आवडत नाही.

गाळलेलं सगळं मी संध्याकाळी वाचायचे. भात चुलीवर ठेवला की जाळाच्या उजेडात पुस्तक उघडायचं आणि खूण करून ठेवलेली पानं काढायची. ती घाईत वाचून भागत नसे. तळ्याकाठचं एक पान तर मी इतक्यांदा वाचलं की भात करपला तरी मला वास आला नाही. खरं सांगायचं तर त्या वर्षाचं माझं वाचन म्हणजे ही पानंच. दुपारचं वाचन नोकरी होती, संध्याकाळचं माझं होतं. सासूबाई समोर विळीवर वांगी चिरत बसलेल्या असत आणि चिरता चिरता थांबून माझ्याकडे टक लावून बघत. मी पुस्तक पाटाखाली सरकवायचे. बघतेय म्हातारी, आता नवऱ्याला सांगणार, असं वाटून जीव धसकायचा.

माझ्या जिवाला आणखी एक घोर होता. गुरुजींना दिसू लागलं की पुस्तक त्यांच्या हातात जाणार, मी चुलीपाशी जाणार आणि सातवी पुन्हा डब्यांमागे. घरातले सगळे मोतीबिंदू पिकायची वाट बघत होते आणि मी एकटी तो पिकू नये म्हणून देवाला हात जोडत होते. देवापुढे उभं राहून म्हाताऱ्या माणसाचं अंधत्व मागायचं आणि परत त्याच हातानं दिवा लावायचा. तेव्हा लाज वाटत होती. आज त्याहून जास्त वाटते. पण मागणं मी काही थांबवलं नाही.

पावसाळा सरला, भाताची कापणी झाली, आणि एका सकाळी गुरुजींना स्वतःचा हात दिसेना. डॉक्टर म्हणाले, पिकला. घरात आनंद झाला. सासूबाईंनी शेजारी गूळ वाटला. मीही तो तोंडात घातला, पण नजर कोनाड्यातल्या पुस्तकाकडे होती.

नवरा त्यांना मुंबईला इस्पितळात घेऊन गेला. डोळ्यांना पट्टी बांधून बरेच दिवस निजून राहावं लागणार होतं. कोनाड्यात पुस्तक तसंच होतं, अर्धं वाचून झालेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासून मी आत आले तर सासूबाई उंबऱ्यापाशी आपल्या जागी सूप घेऊन बसलेल्या. ओटी रिकामी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोनाड्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, गुरुजीच घरात नाहीत तर वाचायचं कुणासाठी? मी पुस्तक पदराखाली घेतलं आणि परसदारी पेरूखाली जाऊन एकटीनं वाचत बसले. मनासारखं, काही न गाळता. तेवढे दिवस मी रोज हेच केलं. आणि सासूबाई रोज सूप घेऊन बसल्या.

गुरुजी आले ते जाड भिंगांचा चष्मा लावून. त्यामागे त्यांचे डोळे बशीएवढे दिसत होते. जरा बरं वाटल्यावर ते स्वतः काठी टेकत वाचनालयात गेले आणि पुस्तक घेऊन आले. दुपारी मला कुणी हाक मारली नाही. मी दाराआड घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसले आणि ओटीवर गुरुजी मोठ्यानं वाचू लागले. तीच तळ्याकाठची कादंबरी. माझं वर्ष संपलं हे मला पहिल्या ओळीलाच कळलं, पण ते मोठ्यानं का वाचताहेत हे कळेना.

काही दिवसांनी ते तळ्यापाशी पोचले. गुरुजी खोकले नाहीत, त्यांनी पान उलटलं नाही. त्यानं तिचा हात हातात घेतला, मग ती काय म्हणाली, मग तो काय म्हणाला, सगळं त्यांनी शाळेत धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात वाचलं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी सुखानं गेले असते. पान संपल्यावर ते थांबले.

"हे राहिलं होतं, नाही का?" गुरुजी सासूबाईंना म्हणाले.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "येच राहिला व्हता."

पातेलं माझ्या हातात तसंच राहिलं. दोघांनाही माहीत होतं, वर्षभर. मी गाळत होते आणि ते दोघं मी गाळलंय हे ऐकत होते.

त्या संध्याकाळी सासूबाई चुलीपाशी आल्या. मी मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीत उभी. त्या विळी मांडून बसल्या आणि वांगी हातात घेऊन सावकाश सांगू लागल्या. लग्न झाल्यापासून गुरुजी त्यांना वाचून दाखवायचे. त्यांना स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. वाचनालयातून कुठलं पुस्तक आणायचं ते त्याच सांगायच्या, आवडलेली पुस्तकं पुन्हा पुन्हा मागवायच्या, आणि गुरुजी कुरकुर न करता पुन्हा वाचायचे.

"त्यांचे डोले गेले," त्या म्हणाल्या, "तवा मना वाटला, आता माजा वाचना गेला. मंग ते बोलले, सून वाचील."

मी वर्षभर वाचत होते ती गुरुजींसाठी, असं मला वाटत होतं. गुरुजींना ती पुस्तकं तोंडपाठ होती. ऐकणारी उंबऱ्यावर बसली होती, सूप हे माझ्या पातेल्यासारखंच तिचं निमित्त होतं, आणि मी तिच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. वाचन जाईल म्हणून मी देवाला नको ते मागत होते. जिचं गेलंच होतं तिच्या देखत पुस्तक पदराखाली लपवून मी पेरूखाली निघून जात होते. तिला तर मागे जाऊन गाळलेलं पान काढायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी चष्मा लावून, काठी घेऊन गावातल्या तळ्यावर फिरायला गेले. जाताना पुस्तक उंबऱ्यावर ठेवून गेले. सासूबाई येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी सूप आणलं नव्हतं, नुसते हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "तलावाचा वाच," म्हणाल्या. "तुज्या तोंडून आयकायचा हाय."

मी वाचू लागले. तो तळ्यावर आला, तिच्या शेजारी बसला, आणि सवयीनं मी घसा खाकरला, बोटांनी पानाचा कोपरा धरला.

"थांबू नको," सासूबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. "चुलीपाशी तू मनात वाचायचीस तवा तुजे ओठ हालायचे. मी तुज्या ओठांकडं बघत बसायची. वाटायचा, आता मोठ्यानं वाचील, आता वाचील."

मी पुढे वाचलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे अक्षरं दिसत नव्हती, पण ते पान मला पाठ होतं.