मामेसासऱ्यांचा मुका फोन

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आजवर जेवढे म्हणून फोन झाले असतील, त्यांत माझ्या मामेसासऱ्यांच्या फोनइतका मोठ्या आवाजाचा फोन दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याच फोनइतका गुपित राहिलेलाही दुसरा नसेल. या दोन गोष्टी एकाच माणसाला कशा साधल्या हे सांगायचं, तर आधी त्यांचे कान सांगायला हवेत. बायकोचे हे सख्खे मामा, चिखलीचे मूळ गाववाले. सगळी हयात त्यांनी चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपला काढली. प्रेसशॉप म्हणजे जिथे दुमजली घराएवढी यंत्रं सपाट पत्र्यावर आदळतात आणि त्या पत्र्याचा मोटारीचा दरवाजा होतो. मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्या शॉपमध्ये कुणाला कधी उचकी लागली नाही, कारण ती वर यायच्या आत प्रेसचा दणका तिला परत पोटात पाठवायचा. अशा जागी मामांनी आपले कान ठेवले आणि निवृत्तीच्या दिवशी ते परत मागायचे राहून गेले.

तेव्हा ते बोलतात ते अजून प्रेसच्या वरताण. चिखलीत मामा ‘हॅलो’ म्हणाले की मोशीतली माणसं खिशातून फोन काढून बघतात. एकदा गॅस सिलिंडरवाल्याला त्यांनी ओटीपी सांगितला, तर समोरच्या इमारतीतल्या बाईंनी गॅलरीतून दुरुस्ती केली, “काका, शेवटी सात नाही, नऊ म्हणालात मघाशी.” मामी म्हणतात, “ह्यांना फोन कशाला पायजे? नुसतं गच्चीवर उभं ऱ्हायले तरी लातूरला ऐकू जाईल.” रस्त्यातही तेच. तळेगाव-चाकण रस्त्यावर गाड्या तुंबल्या की सगळं जग हैराण होतं, मामा तेवढे खूश असतात. खाली उतरून एकेका गाडीच्या दरवाजावर टिचकी मारतात आणि आतल्या माणसाला गर्जून सांगतात, “ह्यो आमचा हाय.” आतला माणूस घाबरून काच वर करतो. आपल्या दाराची काच वर चढताना मामा मोठ्या मायेने बघत राहतात.

मी हिंजवडीला कामाला आहे, एवढ्यावरून मामांनी ठरवून टाकलंय की इंटरनेट तिथेच तयार होतं, वाकडवरून पाइपाने चिखलीला येतं आणि व्हॉल्व्हवर मी बसलेलो असतो. व्हिडिओ कॉल अडखळला की मला साधा फोन लावून म्हणणार, “जावईबापू, जरा प्रेशर वाढवा की.” मी बिचारा कुठल्याशा कंपनीच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, पण एकदा वैतागून ‘वाढवतो’ म्हणून ओरडलो आणि नेमकं तेव्हाच त्यांचं चित्र स्वच्छ झालं. तेव्हापासून त्या खात्याचा कारभार माझ्या गळ्यात आहे.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी. प्रेसच्या या बाजूला मामा आणि त्या बाजूला त्यांचा जोडीदार. जोडीदार मूळ लातूरकडचा, मामांच्या आधी लागलेला, आणि मामांना काम शिकवलं ते त्यानेच. त्या आवाजात तोंडाने बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून शॉपमधली माणसं हातांनी बोलत. मिशीवरून बोट फिरवलं की साहेब आला. तळहाताची बशी करून ओठाशी नेली की चहा. दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या की ब्रेकडाऊन. सकाळी जोडीदार जयभीम करायचा आणि मामा रामराम करायचे. हात जोडल्यावर दोन्ही सारखेच दिसत, त्यामुळे त्यांचा दिवस एकमताने सुरू व्हायचा. घरी मामींशी झाल्या नसतील एवढ्या गप्पा त्या दोघांनी अशा मारल्या. मग दोघेही निवृत्त झाले, आणि जोडीदार चिखलीतली खोली विकून आपल्या गावी निघून गेला.

सुरुवातीला मामांनी त्याला साधे फोन करून पाहिले. पण कान दोघांनीही त्याच शॉपमध्ये ठेवलेले. मामा विचारायचे पाऊस झाला का, तो सांगायचा मूळव्याधीचं. दोघेही मन भरून ओरडायचे आणि फोन ठेवल्यावर हिरमुसून बसायचे. ते पाहवेना म्हणून मी मामांना मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला आणि व्हिडिओ कॉल जोडून दिला. पडद्यावर जोडीदार दिसला. मामांनी सवयीने एक ‘हॅलो’ ठोकला, आणि मग एकदम गप्प झाले. त्यांचा हात आपोआप वर गेला. तिकडचाही गेला. पुढे कितीतरी वेळ घरात आवाज नाही, म्हणून मामी पोळी तव्यावर टाकून धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं ह्यांचं काही बरंवाईट झालं. बाहेर येऊन बघतात तर मामा हवेत मुठी आपटत खदखदून हसतायत.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून हा मुका कार्यक्रम सुरू झाला. अडचण एवढीच होती की सगळ्या खुणा शॉपमधल्या, आणि आयुष्य तर शॉपबाहेर पडलेलं. पण त्यांनी भागवून घेतलं. जोडीदाराच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने ‘माल पास झाला, गाडीत भरला’ अशी खूण केली. मामांना नातू झाला, तेव्हा मामांनी ‘पहिला पीस ओके’ कळवलं. कुणी वारलं तर ‘मशीन बंद’. जोडीदार अधूनमधून जमिनीकडे बोट दाखवून विचारायचा, माझी जागा कशी आहे? त्याच्या खोलीच्या जागी बारा मजली इमारत उभी राहिली होती. मामा फोन घेऊन गच्चीवर जायचे आणि तो अशा बेताने फिरवायचे की ती इमारत चुकावी आणि शेजारची जुनी पाण्याची टाकी तेवढी दिसावी. टाकी दिसली की तिकडे समाधान. आठवण येते, याला मात्र त्यांच्याकडे खूण नव्हती. प्रेसशॉपमध्ये तिची गरज कधी पडलीच नव्हती. माणूस समोरच उभा असायचा.

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर या फोनला तोड नाही. मी एकदा मामांना कानाशी ओरडून समजावलं की कॉलला दोन्ही टोकांना कुलूप असतं, मधल्या कुणाला काही ऐकू जात नाही. मामा म्हणाले, “कुलूप कुनाचं? त्येंचंच ना? मग किल्ली बी त्येंच्यापाशीच. आमचं बोलनं ऐकू दे कुनाला ऐकायचं त्ये. भोपळा घावंल.” याचा पडताळाही आला. एका दुपारी अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पोलिसाच्या गणवेशात एक भामटा. तुमच्या नावाच्या पार्सलात भलतंसलतं सापडलंय, खोलीचं दार लावा, कुणाशी बोलू नका, वगैरे दम भरत होता. मामांना अक्षर ऐकू आलं नाही. त्यांना दिसल्या फक्त त्याच्या मिशा. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, मग बशी ओठाशी नेली, मग दोन्ही मुठी दणादणा आपटल्या. भामटा हिंदीतून मराठीत आला, मराठीतून गयावयांत आला, आणि शेवटी “माफ करा बाबा, तब्येतीला जपा” म्हणून त्यानेच फोन कापला. मामांचं मत, माणूस सज्जन होता, पण खुणा कच्च्या होत्या.

गेल्या दिवाळीनंतर एका दिवेलागणीला मामा फोन तांब्याला टेकवून बसले आणि तिकडून कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग जोडीदाराच्या मुलाचा मला फोन आला. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. घरी आणलंय. “काकांना सांगा,” तो म्हणाला, “बाबा येईनालेत व्हिडिओवर. लई समजावलं. असला हात काय दाखवू म्हणून लाजायलेत.” म्हणजे एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही, आणि ज्या हातांवर दोघांचं चाललं होतं ते हातच एकाने पांघरुणाखाली घेतले. मामांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. लातूरपर्यंत बसून जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती.

मामांचं तोंड आणि हात दोन्ही एकदम बंद पडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आवाज इतका उतरला की गल्लीतली माणसं काळजीने चौकशीला आली. समोरच्या बाई म्हणाल्या, “काका, आमच्या घरात अगदी सुनं सुनं वाटतंय हो.” संध्याकाळ झाली की मामा फोन तांब्याला टेकवायचे, समोर बसायचे आणि काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत राहायचे. मामी म्हणाल्या, “अवो, निदान लावून तरी बघा.” मामा म्हणाले, “त्यो लाजतोय. लाजनाऱ्याच्या दारात रोज उभं ऱ्हाऊ नये.”

मग एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. गेलो तर मामा खुर्चीत ताठ बसलेले, आणि उजवा हात पंच्याने कमरेला करकचून बांधलेला.

मामी म्हणाल्या, “बघा, सकाळपासून ह्ये सोंग लावलंय.”

“सोंग न्हाई, प्रॅक्टिस हाय,” मामा म्हणाले. “जावईबापू, तुमी फोन धरा आनि माझी फिल्लम काढा.”

मी फोन धरला. मामा डाव्या हाताने बोलू लागले, आणि तो प्रकार बघवेना. चहा झाला का, हे विचारताना बशी कलंडली आणि त्याचं ‘क्रेन खाली घे’ झालं. कसा आहेस, याचं ‘आग लागली, पळा’ झालं. ब्रेकडाऊनला दुसरी मूठच नव्हती, तेव्हा त्यांनी आहे ती स्वतःच्या गुडघ्यावर आपटली, तीही ऑपरेशनच्या, आणि कळवळले. मी म्हणालो, “मामा, हे सगळं चुकलं. परत काढू.”

“न्हाई. चुकलेलंच धाडा,” मामा म्हणाले. “त्यानं शिकवलंय मला. चुकीची खूण त्येला बघवत न्हाई.”

पाठवलं. दुसऱ्या दिवशी खाली निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तिकडे पाहिलं गेलं होतं. पुढे काही नाही. मामा फोनला हात लावीनात आणि कुणाला लावूही देईनात. त्या आठवड्यात मी कामाचं निमित्त काढून रोज चिखलीला गेलो, कारण वाकडला आपल्या घरी बसून मलाही चैन पडत नव्हतं. अशाच एका संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर आधी भिंत आली, मग मुलाचा अंगठा, मग छत, आणि मग जोडीदार. तोंड एका बाजूला ओढलेलं, वजन निम्मं झालेलं, आणि चेहरा संतापाने लाल. त्याने डावा हात वर केला, बोटं एकेक करून जुळवली, बशी केली, ओठाशी नेली आणि आमच्याकडे रोखून पाहिलं. चहा असा असतो.

मामांनी घाईघाईने पंचा ओढून घेतला, हात बांधला आणि तीच खूण परत चुकवली. जोडीदाराने कपाळावर हात मारला. मामांनी तिसऱ्यांदा चुकवली. तेव्हा तो हसला. अर्धंच तोंड हसलं, पण जेवढं होतं तेवढं सगळं हसलं.

आता रोज बोलतात. एका हाताची त्यांची नवी भाषा झाली आहे. जुन्या खुणांतल्या निम्म्या गेल्या, काही नव्या आल्या, आणि त्या माझ्यासमोर होऊनही मला त्यातली एकही कळत नाही. जोडीदाराचा डावा हात चांगला वळायला लागला आहे. मी परवा विचारलं, “मामा, आता त्यांना येतंय की सगळं. तुम्ही कशाला हात बांधून घेता?”

मामा पंच्याची गाठ दातांनी ओढत म्हणाले, “दोन हातानं बोललो तर माझं बोलनं जास्ती व्हतं.”

शेवटी निरोप घेताना दोघेही डावा हात वर करतात. आता कॉल बंद करायचा, तर कुणीतरी तो हात खाली आणून लाल बटण दाबलं पाहिजे. मामा दाबत नाहीत. तिकडूनही कुणी दाबत नाही. मामींनी दिवा लावलेला असतो, तिकडे सून दिवा लावून जाते, आणि एकेक हात वर धरलेले दोन म्हातारे एकमेकांकडे बघत बसून राहतात.