तेल्हाऱ्याला जाऊन 'नेफर' वाचायला शिकले

इजिप्तला जायचं तर पासपोर्ट, व्हिसा आणि नवऱ्याची समजूत, तिन्ही लागतात. मला यातलं काहीच लागलं नाही. अमरावतीहून अकोल्याची एसटी आणि तिथून तेल्हाऱ्याची दुसरी गाडी, एवढ्यावर काम भागलं.

खरं सांगते, हा प्रवास मी वर्षभर टाळत होते. तेल्हाऱ्याला माझे काका राहतात, गुरांचे निवृत्त डॉक्टर. आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं. आता श्वास गळ्यावरच्या छिद्रातून आणि बोलणं पाटीवर. त्यांच्यासमोर बसून काय बोलायचं, याचीच मला धास्ती होती. पण 'मोबाइलवर इजिप्तची चित्रलिपी शिकून राहिलो. ये, एक शब्द शिकवतो,' असा मेसेज आला आणि माझ्या सबबी संपल्या.

सकाळी गरम गिला वडा खाऊन निघाले. तुम्हीही खाऊनच निघा, अकोल्याच्या स्टँडवर मला पुढच्या गाडीसाठी तासभर थांबावं लागलं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची काळजी नाही.

"तेल्हाऱ्यात काय पाहाले चालल्या ताई?" कंडक्टरने विचारलं.

"इजिप्तची भाषा शिकायला."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ते पुढच्या सीटकडे गेले.

दारातच काकू म्हणाल्या, "आली का वं? आमाले वाटलं, रस्ताच इसरली." मी मान खाली घातली. काकांनी पाटी पुढे केली: 'आधी जेव.' रोडगे, वरण, वांग्याची भाजी. लाज वाटत असतानाही मी चार रोडगे खाल्ले.

मग शिकवणी. काकांनी पाटीवर खाली एक गोळा काढला, त्यातून वर जाणारी नळी आणि नळीवर आडवी रेघ.

"वीणा?" मी म्हटलं.

काका हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. त्यांनी लिहिलं: 'काळीज अन् श्वासनळी. बकरी फाडली का असंच दिसते.' शब्द नेफर. अर्थ चांगलं, सुंदर. त्यांनी मोबाइलवर एका जुन्या शिळेचा फोटो दाखवला. त्यात मला नेफर तीनदा सापडला. जत्रेत ओळखीचं माणूस दिसावं तशी मी ओरडले.

"ते लोक नेफरच म्हणायचे का?"

'पक्कं कोणालेच माईत नाही. स्वर ते लिवतच नव्हते.' पाटी पुसून त्यांनी पुन्हा लिहिलं: 'म्हून तं आवडली. इथं सारेच माह्यासारखे.'

मग मी बोलून टाकलं. "काका, मी यायला भीत होते."

'माईत हाय. मी बी भेत होतो.'

त्यानंतर दुपारभर आम्ही खूप बोललो. खडू दोनदा संपला.

रात्री घरी पोचल्यावर कागदावर नेफर काढून त्याचा फोटो काकांना पाठवला. एका शब्दापलीकडे मला इजिप्तचं काही येत नाही, पण तेवढ्यावर मी खूश आहे. त्यांचं उत्तर लगेच आलं: 'नळीवरची आडवी रेघ कुठं गेली वं? ध्यान कुठं राह्यते तुह्यं?'

लहानपणी उजळणी चुकली की असंच ओरडायचे. मला ते त्यांच्याच आवाजात ऐकू आलं.